चरईतील कॅसेट-रूपांतराचे दुकान आणि मामांच्या ‘आवशीन’ची गोष्ट

ठाण्यात चरईच्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर जुन्या ऑडिओ कॅसेट, व्हिडिओ कॅसेट आणि स्पूल संगणकावर उतरवून देणारे एक छोटे दुकान आहे. दुकानावर मोठी पाटी नाही. काचेच्या दारावर हाताने लिहिलेला एक कागद चिकटवलेला आहे आणि तो पाहिला नाही तर शेजारच्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानातच माणूस शिरतो, तसे माझेही पहिल्या दिवशी झाले. या दुकानात मी गेल्या काही महिन्यांत एकच कॅसेट दिली, पण ती आमच्या घरातली सर्वांत मोलाची कॅसेट होती. तिचे काम कसे झाले हे सविस्तर लिहायचे तर त्या कॅसेटवर काय आहे तेही सांगावे लागेल, कारण या कामाची पारख त्या गोष्टीवरूनच होते.

कॅसेटवर माझ्या थोरल्या मामांचा आवाज आहे. मामा मालवण तालुक्यातल्या चिंदरचे. लष्कराच्या सिग्नल्स विभागात ते लाइनमन होते, म्हणजे टेलिफोनच्या तारा टाकणे, तुटलेल्या तारा शोधून जोडणे आणि त्या चालतात की नाही हे तपासणे हे त्यांचे काम. प्रशिक्षण जबलपूरला झाले आणि १९७१ च्या युद्धात ते पश्चिम आघाडीवर, जम्मूकडच्या सांबा भागात होते. मे १९९१ मध्ये ते आंब्याची पेटी घेऊन नौपाड्यात आमच्याकडे आले असताना एका रात्री वीज गेली, पंखे बंद पडले, सगळे माजघरात गोळा झाले आणि वडिलांनी टेपरेकॉर्डरमध्ये सेल घालून मामांना युद्धातली ती गोष्ट सांगायला लावली. त्या रात्री आईने बांगड्याचे तिखले केले होते आणि त्यात तिरफळे घातली होती. विषय तिथूनच निघाला. मामा २००९ मध्ये गेले. त्यांचा आवाज आमच्याकडे या एकाच कॅसेटवर आहे, साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर. दुसऱ्या बाजूवर माझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची गाणी आहेत.

गोष्ट अशी आहे. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी पश्चिमेकडच्या भारतीय विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटले. मामांच्या तुकडीने शेतांमधून, ओढ्यांमधून तारा टाकल्या होत्या. तोफगोळ्यांनी त्या तुटत, रणगाड्यांच्या आणि ट्रकच्या चाकांखाली तुटत, आणि तुटली नसेल तरी तार जिवंत आहे ना हे ठरावीक वेळाने हँडल फिरवून, पलीकडच्या माणसाशी बोलून पाहावे लागे. पलीकडच्या टोकाला योगायोगाने आचऱ्याचा एक जवान होता. आचरा आणि चिंदर ही शेजारची गावे. दोघांची ओळख आधी नव्हती, पण पहिल्या ‘हॅलो’च्या सुरावरूनच दोघांना एकमेकांचा मुलूख कळला, असे मामा सांगत.

मामांची आई, म्हणजे माझी आजी, लिहू-वाचू शकत नव्हती. आचऱ्याच्या त्या जवानाची बहीण तिचे निरोप स्वतःच्या पत्रात लिहून घेई आणि ते पत्र ५६ एपीओ या लष्करी टपालघराच्या पत्त्यावर भावाला जाई. युद्धाच्या पहिल्या आठवड्यात असे एक पत्र आले. रात्री तार तपासताना त्याने ते मामांना वाचून दाखवले. मामांच्या तोंडचे शब्द मी कॅसेटवरून जसेच्या तसे उतरवते आहे:

“तुझ्या आवशीन सांगलेला आसा. सुके बोंबील पाच जुड्ये राखून ठेवल्यान. तू येशीत त्या रातीक मोरी करतली. तिरफळां सा घालतली, जास्ती नाय.”

‘आवस’ म्हणजे आई, ‘आवशीन’ म्हणजे आईने. ‘मोरी’ हा मासा आहे आणि ‘सा’ म्हणजे सहा, हे मालवणी घरात वाढलेल्याला सांगावे लागत नाही. पण ती तार मधल्या एक्सचेंजमधून जात होती आणि तिथे पंजाबकडचे एक हवालदार बसले होते. सिग्नल्स विभागाचे ब्रीद ‘तीव्र चौकस’ असे आहे. ते हवालदार त्या ब्रीदाला पूर्णपणे जागणारे होते. त्यांनी आयुष्यात कधी न ऐकलेल्या भाषेतले बोलणे ऐकले, त्यातून जे कानाला लागले ते कागदावर लिहिले आणि कागद घेऊन ते थेट कॅप्टनसाहेबांकडे गेले. कागदावर चार ओळी होत्या: आवशीन, एक. सूखे बम, पाँच. मोरी, रात को. तिरफल, छह.

पंजाबीत ‘मोरी’ म्हणजे भोक, खिंडार. रात्री कुठेतरी खिंडार पडणार, पाच बॉम्ब तयार आहेत आणि सहा ‘तिरफल’ नावाचे काहीतरी आहे, असा त्या कागदाचा अर्थ झाला. मामा हे सांगताना हवालदारांना कधीही हसले नाहीत, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जमिनीवरून गेलेली तार शत्रूला चोरून ऐकता येते, कोणी लाइनवर शिरून बोलूही शकते, तेव्हा “त्याच्या जागी मी असतंय तर मीही तेच केलं असतंय,” असे ते म्हणतात आणि पुढे जातात.

मामांना आणि आचऱ्याच्या जवानाला दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून जीपमध्ये घालून कॅप्टनसाहेबांच्या बंकरमध्ये आणले गेले. दोघांनी एकमेकांचा चेहरा पहिल्यांदा पाहिला तो तिथे, कंदिलाच्या उजेडात, सावधान अवस्थेत उभे असताना. कॅप्टनसाहेबांनी कागद समोर धरला आणि खालच्या ओळीपासून विचारायला सुरुवात केली.

“ये तिरफल कौन-सा हथियार है?”

“साब, मछली में डालते हैं.”

“और मोरी?”

“वो मछली है, साब.”

“और ये सूखे बम?”

“बम नहीं साब, बोंबील. वो भी मछली है.”

इथे मामा थांबतात. कॅसेटवर ही शांतता अकरा सेकंदांची आहे. खोलीत कोणी हसत नाही, कारण मामांनी चेहरा कॅप्टनसाहेबांचा केलेला असणार. नुसते घड्याळ ऐकू येते. आमच्या माजघरात लंबकाचे जुने घड्याळ होते आणि आजही आहे. त्याची टिकटिक त्या अकरा सेकंदांत अशी स्वच्छ ऐकू येते की जणू तेही बंकरमध्येच टांगलेले असावे. मग कॅप्टनसाहेब कागदावरची पहिली ओळ वाचतात, सावकाश, अक्षर अक्षर लावत:

“और ये... आवशीन. ये कौन-सी मशीन है?”

पुन्हा शांतता, या वेळी चार सेकंद. मग मामांचा एकदम बारीक झालेला, सव्वीस वर्षांच्या जवानाचा आवाज येतो:

“मशीन नहीं, साब. आई है. माँ.”

यानंतर कॅसेटवर जो हशा आहे त्यात माझे वडील आहेत, आजी आहे, शेजारच्या काकू आहेत आणि कुठेतरी दहा वर्षांची मीही आहे. आजी त्या हशातच एक वाक्य बोलते, “माका मशीन केल्यान रे मेल्यांनी,” आणि ते वाक्य इतक्या वर्षांत घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी बसले आहे. आमच्याकडे अजूनही आईला कोणी मिक्सर दुरुस्त करायला सांगितला की ‘आवशीन’ हा शब्द हमखास निघतो.

आता कामाविषयी. या दुकानात येण्यापूर्वी मी ही कॅसेट दुसरीकडे दिली होती, ठाण्याबाहेरच्या एका ठिकाणी, जिथे कॅसेट कुरिअरने पाठवायची आणि फाइल मोबाइलवर मिळवायची अशी सोय आहे. चार दिवसांत फाइल आली आणि ती ऐकून मला रडू आले. एकोणतीस मिनिटांची गोष्ट बावीस मिनिटांची झाली होती. फितीची खरखर काढण्यासाठी त्यांनी जे काही लावले होते त्याने खरखरीबरोबर घड्याळही नाहीसे झाले होते, हशा पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडत होता, आणि ‘रिकाम्या जागा’ आपोआप कापल्या गेल्या होत्या. “वो भी मछली है” आणि “और ये आवशीन” ही वाक्ये एकमेकांना चिकटली होती. शब्द सगळे होते आणि गोष्ट मात्र मेली होती. वर कॅसेट परत आली तेव्हा तिच्यातला नमद्याचा छोटा तुकडा, जो फितीला हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरतो, निघालेला होता. तक्रार केल्यावर ‘सेवा पूर्ण झाली आहे’ एवढेच उत्तर मिळाले.

म्हणून चरईच्या दुकानात गेले तेव्हा मी मालकांना पहिल्याच वाक्यात सांगितले की यातली शांतता कापायची नाही. त्यांनी मान वर करून पाहिले आणि विचारले, “गोष्ट आहे का?” गाणे आहे का, भाषण आहे का असे न विचारता हेच विचारले, याचे मला बरे वाटले. मग त्यांनी कॅसेट हातात घेतली, उजेडाकडे धरली, खिडकीतून फितीच्या कडेवरची पांढरी बुरशी दाखवली आणि आज काहीही लावून पाहणार नाही असे सांगितले. बुरशी असलेली फीत तशीच चालवली तर ती यंत्राला लागते आणि तिथून पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटला लागते. ठाण्याच्या दमट हवेत लोखंडी कपाटात ठेवलेल्या बहुतेक कॅसेट त्यांच्याकडे अशाच येतात, असे ते म्हणाले. पुढच्या खेपेस मी थोडा वेळ बसून काम पाहिले. कॅसेटच्या पाच बारीक स्क्रूपैकी एक गंजलेला होता, तो त्यांनी तेलाचा थेंब टाकून सोडवला, जुने कवच उघडून फितीची दोन्ही चाके दुसऱ्या चांगल्या कवचात बसवली आणि मऊ कापडाच्या दोन पट्ट्यांमधून फीत हाताने, पेन्सिलीच्या गतीने, पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत पुसत नेली. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या गतीने तीस मिनिटे म्हणजे सुमारे ८६ मीटर फीत असते, आणि तिची रुंदी चार मिलिमीटरहूनही कमी. ती सगळी त्यांच्या बोटांतून गेली.

त्यानंतरचे काम मला आधी ठाऊक नव्हते. घरगुती टेपरेकॉर्डरचा हेड बहुधा थोडा तिरका बसलेला असतो; त्याच यंत्रावर ऐकताना ते जाणवत नाही, पण दुसऱ्या यंत्रावर तीच कॅसेट लावली की आवाज रजईखालून आल्यासारखा येतो. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, तो केसाएवढा फिरवून हेडचा कोन त्या कॅसेटशी जुळवावा लागतो. मालकांनी तो हेडफोन लावून फिरवला आणि खूण म्हणून मामांच्या ‘स’कडे लक्ष दिले. ‘साब’ या शब्दातला स धारदार ऐकू आला की हात थांबवला. हेडफोन माझ्या कानाला लावून त्यांनी फरक ऐकवला तेव्हा मामा एक पाऊल पुढे आल्यासारखे वाटले.

सगळ्यात मोठा दोष मात्र वेगळाच निघाला आणि तो आम्ही पस्तीस वर्षे मामांच्या माथी मारत होतो. गोष्टीच्या शेवटी शेवटी मामांचा आवाज बारीक आणि भरभर होतो. ते रंगात येऊन तसे बोलतात असे आम्ही समजत होतो. मालकांनी विचारले की ध्वनिमुद्रण विजेवर केले होते का. मी वीज गेल्याचे सांगितले तसे ते म्हणाले की सेल उतरत गेले असणार. सेल उतरले की मुद्रण करताना मोटर मंदावते, फीत हळू सरकते, आणि मग नेहमीच्या गतीने ऐकताना तोच भाग जलद आणि चढ्या सुरात येतो. हे दुरुस्त करायचे तर मूळ गती किती होती हे कळायला हवे, आणि ते माणसाच्या आवाजावरून खात्रीने कळत नाही.

ते कळले घड्याळावरून. मालकांनी विचारले, “हे घड्याळ अजून चालतं का?” मी हो म्हटल्यावर त्यांनी घरी जाऊन त्याची टिकटिक मोबाइलवर पाच मिनिटे घेऊन पाठवायला सांगितले. वेळ बरोबर दाखवणाऱ्या लंबकाच्या घड्याळात मिनिटाला किती टिक पडणार हे त्याच्या चक्रांच्या दात्यांनी ठरलेले असते, त्यामुळे १९९१ मध्ये जेवढे पडत होते तेवढेच आज पडतात. आमच्या घड्याळाचे मिनिटाला १२४ भरले. कॅसेटच्या सुरुवातीला तेवढेच होते, पंधराव्या मिनिटाला १२६ आणि बंकरमधल्या प्रसंगापाशी १३३. त्यांनी गोष्टीतल्या शांत जागा शोधून तिथले टिक मोजले आणि संगणकावर गती टप्प्याटप्प्याने उतरवत नेली, शेवटपर्यंत टिकटिक एकसारखी होईतो. ज्या अकरा सेकंदांना आधीच्या लोकांनी रिकामी जागा समजून कापले होते, त्याच सेकंदांतल्या टिकांनी मामांचा आवाज परत मिळवून दिला. वीज गेल्यामुळे पंखा बंद होता, म्हणून घड्याळ इतके स्पष्ट आले. पंखा चालू असता तर विजेची घरघर मोजून गती काढली असती, असेही ते म्हणाले.

फाइल तयार झाल्यावर मी माझ्या मामेभावाला नेरूळहून बोलावून घेतले. तो दुकानातल्या स्टुलावर बसला, हेडफोन लावला आणि “मशीन नहीं, साब” येईपर्यंत हलला नाही. मग हेडफोन काढून म्हणाला, “बाबांचा आवाज असाच जाड होता. मला वाटत होतं की मी विसरलो.” खरखर थोडी आहे. ती मालकांनी पूर्ण काढली नाही. ऐकताना शब्द अडणार नाहीत एवढीच खाली आणली आणि एक प्रत काहीही न काढलेली, जशीच्या तशी, वेगळी दिली. ही मूळ प्रत डब्ल्यूएव्ही स्वरूपात, सुमारे अडीचशे एमबीची आहे. रोज ऐकण्यासाठी एक हलकी एमपी३ दिली. दोन्ही पेनड्राइव्हवर मिळाल्या आणि पेनड्राइव्हवर विसंबू नका, आणखी दोन ठिकाणी ठेवा, असे त्यांनी बजावून सांगितले.

उणिवाही लिहायला हव्यात. आठ दिवस सांगितलेल्या कामाला साडेतीन आठवडे लागले. मधल्या काळात फोन उचलला जात नव्हता आणि दोनदा चरईपर्यंत जाऊन बंद दार पाहून परत यावे लागले. ज्येष्ठांना हे फार जड जाईल. कॅसेट देताना पावती मागून घ्यावी लागली. आपल्या घरातली एकमेव वस्तू अनोळखी माणसाच्या हाती देताना पावती आपणहून मिळाली पाहिजे आणि तीवर कॅसेटची त्या वेळची स्थिती लिहिलेली असली पाहिजे. दुकानात बसायला एकच स्टूल आहे.

याहून मोठी तक्रार लेखी प्रतीची आहे. मुद्रणाबरोबर ते हवे असल्यास शब्द टाइप करून देतात. हे काम त्यांच्या ओळखीचे कोणी बाहेर करते. माझ्याकडे पहिली प्रत आली तीत मामांचे सगळे मालवणी प्रमाण मराठीत बदललेले होते. “तुझ्या आवशीन सांगलेला आसा” याच्या जागी “तुझ्या आईने सांगितले आहे” असे होते, आणि त्यापुढे कॅप्टनसाहेब विचारत होते, “ये आवशीन कौन-सी मशीन है?” जो शब्द आधी आलाच नाही त्याचा अर्थ कॅप्टनसाहेब का विचारत आहेत, हे वाचणाऱ्याला कसे कळणार? हवालदारांनी निदान जे ऐकले ते इमानाने लिहिले होते. टाइप करणाऱ्याने ऐकलेले सुधारून लिहिले. मी ते दाखवल्यावर मालकांनी वाद घातला नाही. त्यांनी माझ्यासमोर बसून, प्रत्येक मालवणी वाक्य तीन-तीनदा ऐकून, मला विचारून, स्वतः दुरुस्त केले आणि लेखी प्रतीचे पैसे घेतले नाहीत. तरीही बोलीतले मुद्रण असेल तर लेखी प्रत त्यांच्यावर सोपवू नये असेच मी सांगेन. ती घरात बोली येणाऱ्या माणसाने उतरवावी. एका बाजूच्या कॅसेटला चार संध्याकाळी पुरतात.

बुरशी काढणे, कवच बदलणे, गती जुळवणे आणि दोन्ही फाइली मिळून मी १,४५० रुपये दिले. कॅसेट चांगल्या अवस्थेत असेल तर याच्या निम्म्याहून कमी पडतात, असे त्यांच्या दरपत्रकावरून दिसते. जे काम मिळाले त्याच्या मानाने मला हे फार वाटले नाहीत. ज्यांच्याकडे अशा कॅसेट आहेत त्यांनी त्या घरातल्या जुन्या टेपरेकॉर्डरवर ‘चालते का पाहू’ म्हणून लावून पाहू नयेत. रबराचा रोलर कडक झालेला असतो आणि फीत गुंडाळली जाऊन तुटते. तशीच नेऊन द्यावी, आणि देताना मुद्रण कधी, कुठे, विजेवर की सेलवर झाले, खोलीत कोण होते आणि काय काय होते, हे आठवेल तेवढे कागदावर लिहून सोबत द्यावे. घड्याळाचा विषय निघाला नसता तर आमची गती जुळली नसती.

गोष्टीचा शेवट कॅसेटवर नाही. कॅप्टनसाहेबांनी तारेवर मालवणी बोलण्यास मनाई केली, सगळ्या माशांची नावे हिंदीत अर्थासह लिहून एक्सचेंजमध्ये लावायला सांगितली, आणि दोघे सलाम करून वळल्यावर मागून हाक मारून म्हणाले, “छुट्टी से लौटते वक़्त वो तिरफल लाना.” १७ डिसेंबरला रात्री आठ वाजता पश्चिम आघाडीवर युद्धविराम झाला. पुढच्या वर्षी मामांना रजा मिळाली. राखून ठेवलेले बोंबील, मोरी आणि सहा तिरफळे यांचा हिशेब आजीने चुकता केला, आणि परत जाताना मामांनी अर्धा शेर तिरफळे पिशवीत बांधून नेली. कॅप्टनसाहेबांनी ती लंगरात दिली. लंगरच्या स्वयंपाक्याला कोणी सांगितले नव्हते की तिरफळे मोजून घालायची असतात आणि खायची नसतात. जिभेला झिणझिण्या येऊन ती बधिर होते. “त्यानं डाळीचा टोप उतरवला, पिशवीचं तोंड सोडलं आणि...” इथे बाजू संपते. शेवटी टेपरेकॉर्डरचे बटण वर उडाल्याचा खट् असा आवाज आहे. मालकांनी तो आवाज ठेवला आहे. तो काढू का म्हणून त्यांनी विचारले आणि मी उत्तर देण्याआधीच स्वतःच म्हणाले, “नको, राहू दे.”

मग त्यांनी विचारले की लंगरात पुढे काय झाले. आईच्या सांगण्यानुसार दुसऱ्या दिवशी सकाळच्या हजेरीत अर्ध्या कंपनीला आपला नंबर नीट पुकारता येईना. मामेभाऊ म्हणतो की बाबांनी त्याला सांगितले ते वेगळे होते: डाळ पहिल्यांदा कॅप्टनसाहेबांनी चाखली आणि ते सबंध दुपार कोणाशी बोलले नाहीत. दोघेही आपापल्या जागी ठाम आहेत. मालकांकडे एक चांगला मायक्रोफोन आहे आणि दुकान दुपारी दोन ते चार शांत असते. आईला लंगराचा तो भाग मामांच्या शब्दांत, मामांच्या थांबण्यासकट येतो. येत्या बुधवारी मी तिला तिथे घेऊन जाणार आहे, आणि मामेभावालाही त्याच वेळी यायला सांगितले आहे.